यादीतला नंबर एक

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा याद्यांचं पीक जास्त यायचं. कापसाचं सगळंच बिनसलं होतं. अळी, भाव, पाऊस, ज्याचं त्याचं रडगाणं वेगळं होतं आणि पेपर उघडला की पहिल्या पानावर यवतमाळ. मग कुठून कुठून माणसं यायची, पांढऱ्या गाड्यांतून उतरायची, रुमालानं मान पुसायची आणि म्हणायची, "यादी दाखवा." कोणाला विहिरींची यादी हवी, कोणाला बैलांची, कोणाला फवारणीच्या पंपांची. एकानं तर याद्यांची यादी मागितली होती. ती मीच करून दिली. ते माझं आजवरचं सगळ्यात स्वच्छ काम आहे असं मला अजून वाटतं.

मी तेव्हा यवतमाळात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. वय चोवीस, डोकं कायम गरम, आणि जवळ डेटाबेसवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. नागपूरला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं. त्यातलं सातवं प्रकरण माझ्या आधीच कोणीतरी फाडून नेलं होतं, पण ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. अख्खं पुस्तक वाचलेली जिल्ह्यातली एकमेव बाई, असा माझा लौकिक होता आणि तो मीच पसरवला होता.

याद्या करणारे आम्ही चौघं होतो. चौघंही सरकारी कचेऱ्यांत, सहा-सहा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर. एकमेकांची नावं आम्हाला ठाऊक होती, पण हाक मारायची ती गावाच्या नावानं. कळंबचा जो होता तो रोज सकाळी चिंतामणीचं दर्शन घेऊन ऑफिसला यायचा आणि आल्यावर कॉम्प्युटरच्या डब्याला उदबत्ती ओवाळायचा. एकदा उदबत्तीची राख आत गेली आणि मशीन तीन दिवस बंद पडलं. त्यावर त्यानं उपाय केला तो असा, की उदबत्ती लांबून ओवाळायची. बोरी अरबचा मोटार मेकॅनिकच्या घरातला. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. प्रोग्रॅम चालला नाही की मिस्त्री तो सगळा उलगडून कागदावर मांडायचा आणि पुन्हा जोडायचा. जोडल्यावर नेहमी दोन-तीन ओळी उरायच्या, त्या तो वहीत जपून ठेवायचा. पुढं कामी येतील म्हणून.

आणि बाभुळगावची ताई. आमच्यात सगळ्यात मोठी, चाळिशीला टेकलेली. तिच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरात पोरींनी शिकायचंच असा नेम होता, पण घरात नेम असला तरी शेतावर काम होतंच. ताई लग्नाआधी आणि लग्नानंतरही वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला गेली. बारावी केली ती वेचणी करता करता, टायपिंग शिकली ती वेचणी संपल्यावर. आमच्यापैकी सगळ्यात जोरात टाईप ती करायची. आम्ही विचारलं की म्हणायची, "बोंडं वेचायची सवय हाय बोटांले. हे बटनं त बोचत बी नाई."

दर रविवारी सकाळी दहाला माझ्या क्लासच्या खोलीत आमची बैठक भरायची. आठवड्यात जो काही नवीन शिकला असेल त्यानं ते बाकीच्यांना शिकवायचं. पुस्तकं मिळत नव्हती, इंटरनेट होतं पण ते त्याच्या मर्जीनं यायचं, आणि साहेबांना विचारावं तर साहेब आम्हालाच विचारायचे. तेव्हा जे काही ज्ञान होतं ते आम्हा चौघांत फिरत असायचं. शिकवणाऱ्यानं सोबत खायला काहीतरी आणायचं, हा एक नियम. दुसरा नियम जास्त कडक होता. शिकवलेलं सगळ्यांना कळलं की नाही हे कसं ठरवायचं? तर जो सगळ्यात मागं राहिला असेल त्यानं खाली जायचं आणि ते चहावाल्या काकाला समजावून सांगायचं. काकाला कळलं तर बैठक संपली. नाही कळलं तर पुन्हा वर.

काका सहजासहजी हार मानणारा नव्हता. डेटाबेसमधली दोन टेबलं, म्हणजे माहितीचे दोन तक्ते, एकमेकांशी कशी जोडायची हे मी दोन रविवार शिकवलं. पुस्तकातल्या आकृत्या फळ्यावर काढल्या. मिस्त्री खाली गेला आणि परत आला, कळंब खाली गेला आणि चहा पिऊन परत आला. शेवटी ताई गेली. आम्ही खिडकीतून ऐकत होतो.

"काका, समजा दोन घरची सोयरीक करायची हाय. दोन्हीकडं जुळन अशी एक गोष्ट पाहिजे का नाई? गाव एक हाय म्हणून कोनी लगन लावते काय?"

"नाई बा."

"अन् आडनाव एक हाय म्हणून?"

"तोबा तोबा. त्याच्यानं त मोडनच."

"मंग काय पाह्यता?"

"पत्रिका पाह्यतो. नंबर पाह्यतो तिचा."

"झालं. तो नंबर म्हंजे मॅडमची 'की', चावी. दोन टेबलांचा नंबर जुळला का सोयरीक पक्की."

काका वर बघून मला म्हणाला, "मॅडम, एवढंच होतं त दोन रविवार कायले खाल्ले?" मी खिडकी लावून घेतली.

मला राग यायचा, हे कबूल करते. मला वाटायचं, मी ज्ञान देतेय आणि हे लोक त्याची भाजी करतायत. पण मनातून हेही कळत होतं की पुस्तकातली आकृती मलाही ताईच्या सोयरिकीनंतरच नीट समजली. हे मी त्या वेळी जिभेवर येऊ दिलं नाही.

त्या हंगामात साहेबांनी आम्हाला बोलावलं. कापूस खरेदीचं एक मोठं केंद्र यवतमाळजवळ उघडणार होतं आणि कळंब, बाभुळगाव, बोरी अरब या तिन्ही बाजूंच्या गाड्या तिथंच येणार होत्या. आदल्या वर्षी गाड्यांच्या रांगा रस्त्यावर चार-चार दिवस उभ्या राहिल्या होत्या, माणसं गाडीखाली झोपली होती. यंदा टोकन द्यायचं ठरलं. ज्याचा नंबर त्याची पाळी. अडचण एकच होती. कोणतं केंद्र कधी उघडेल याचा भरवसा नसल्यानं लोकांनी तिन्ही ठिकाणी नावं लिहून ठेवली होती. एकच माणूस तीन याद्यांत, तीन तऱ्हांनी लिहिलेला. तिन्ही याद्या एकत्र करायच्या, दुबार नावं काढायची आणि एकच यादी द्यायची.

"पहिला दिवस नीट गेला तर हे काम तुमच्याकडं राहील," साहेब म्हणाले. "नाही तर नागपूरची एक कंपनी तयार आहे. मग तुमच्या ऑर्डरी पुढं वाढवायचं कारण उरणार नाही."

बसस्टँडवर आल्यावर ताई म्हणाली, "मले पुन्हा वेचनीवर नाई जायचं." एवढंच. मग गाडी लागली आणि ती खिडकीची जागा धरायला पळाली.

ते वाक्य मी घरी घेऊन गेले. माझं काय, माझा क्लास होता. मिस्त्रीचं गॅरेज होतं. कळंबच्या घरी चार एकर होतं. ताईची ऑर्डर गेली तर तिच्या हातात परत ओटीच येणार होती, वेचलेला कापूस घालायची. मी ठरवलं, यादी अशी करायची की नागपूरच्या कंपनीनं येऊन पाया पडावं.

तिघांच्या याद्या माझ्याकडं एसटीनं आल्या. कळंबनं सीडी लाल फडक्यात गुंडाळून पाठवली होती. मिस्त्री स्वतःच आला, कारण त्याचा पेन ड्राईव्ह गळ्यातल्या ताविजाच्या दोऱ्यातच अडकवलेला, त्यामुळं यादी उतरून होईपर्यंत त्याला मान वाकवून माझ्या टेबलापाशी अर्धा तास उभं राहावं लागलं. ताईची सीडी आली ती पोळीच्या डब्यात, पोळ्यांच्या खाली. तेल लागलेलं होतं, पण चालली.

याद्या मागवायच्या आधीच मी तिघांना एक ताकीद दिली होती. कळंबच्या जुन्या एका यादीत मला पहिल्या ओळीत शेतकऱ्याच्या नावाच्या जागी 'श्री गणेशाय नमः' सापडलं होतं. आमच्याकडं कोणतीही वही उघडली की पहिल्या पानावर देव असतो, मग ती दुधाची वही असो की शाळेची. त्यानं तीच रीत कॉम्प्युटरात चालवली होती. मी त्याला भर बैठकीत झाडलं. "डेटाबेस म्हणजे वही आहे का? पहिल्या ओळीत माणूस पाहिजे, माणूस!" मग मिस्त्रीला विचारलं, तर त्याच्या पहिल्या ओळीत ७८६. ताईच्या पहिल्या ओळीत 'नमो बुद्धाय'. मी तिघांनाही माझ्यासमोर त्या ओळी पुसायला लावल्या. तिघंही "हव" म्हणाले आणि पुसल्या.

"हव" म्हणणं आणि तसं करणं यात आमच्याकडं बरंच अंतर असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

याद्या जोडण्याचा माझा प्रोग्रॅम मला फार हुशार वाटत होता. तिघांनी नावं तीन तऱ्हांनी लिहिलेली असल्यामुळं नावावर विश्वास ठेवायचा नाही असं मी ठरवलं. वडिलांचं नाव, गाव, शेताचा गट नंबर आणि क्षेत्र, एवढं जुळलं की माणूस एकच. नावं वेगवेगळी असली तर मधे 'उर्फ' घालून सगळी जोडून टाकायची, म्हणजे काही हरवायला नको. आता काही रकाने रिकामे होते. रिकाम्या रकान्यांचं काय करायचं हे बहुधा त्या फाटलेल्या सातव्या प्रकरणात असावं. मी माझ्या बुद्धीनं तोडगा काढला. जुळवायच्या रकान्यांत जिथं रिकामं तिथं शून्य भरलं. मग यादी गट नंबरानं लावली आणि टोकनं टाकली.

मिस्त्रीनं काट्यावर चालणारा प्रोग्रॅम केला होता. एका नंबरचं वजन टाकल्याशिवाय पुढचा नंबर उघडायचा नाही. मी त्यात भर घातली, की वजन एक किलोच्या खाली घ्यायचंच नाही, म्हणजे कोणी खोटी नोंद करणार नाही. यादी चौघांनी तपासली. कळंबनं कळंबची गावं पाहिली, ताईनं बाभुळगावची, मिस्त्रीनं बोरी अरबकडची आणि मी पानं मोजली. साहेबांनी यादीला कुलूप घातलं, म्हणजे पासवर्ड आपल्या खिशात ठेवला, की मधे कोणी कोणाचा नंबर वर-खाली करू नये.

पहिल्या दिवशी सकाळी आठला आम्ही चौघं केंद्रावर हजर. गाड्यांची रांग फाटकाबाहेर पार डांबरी रस्त्यापर्यंत गेलेली. बैलगाड्या, ट्रॅक्टर, एक उंटासारखा उंच भरलेला टेम्पो. कळंबनं काट्याला हार घातला. मापारी म्हणजे वजन करणारा, जुना माणूस, धोतर-टोपीतला, चष्म्याला दोरी. त्याच्याबद्दल असं सांगत की त्यानं आयुष्यात पाव किलोचीही खोट केली नाही. साहेब यायचे होते, ते दारव्ह्याकडून निघाले होते. कॉम्प्युटर चालू झाला, पडद्यावर नंबर एक आला आणि भोंग्यावरच्या माणसानं समोर दिसेल ते वाचायला सुरुवात केली.

"टोकन नंबर एक! श्री गणेशाय नमः उर्फ सातशे शहाऐंशी उर्फ नमो बुद्धाय! वडिलांचं नाव शून्य! गाव शून्य! गट नंबर शून्य! गाडी काट्यापाशी घ्या!"

रांगेत एक बैल तेवढा हंबरला.

मला सगळं एकदम उमगलं. तिघांनीही माझ्या माघारी आपापली पहिली ओळ परत टाकली होती. त्या ओळींत नावाशिवाय बाकी काहीच भरलेलं नव्हतं. माझ्या प्रोग्रॅमनं सगळीकडं शून्य घातलं, शून्याला शून्य जुळलं आणि तिघांना एकच शेतकरी समजून त्यानं उर्फ लावून जोडून टाकलं. गट नंबर शून्य म्हणून यादीत सगळ्यात वर.

मी वळून तिघांवर तुटून पडले. भर केंद्रावर, शेकडो माणसांसमोर. "पुसा म्हणून सांगितलं होतं ना? माझ्यासमोर पुसलं होतं ना? तुम्हाला डेटाबेस शिकवण्यापेक्षा मी म्हशी पाळल्या असत्या तर बरं झालं असतं!"

कळंब मान खाली घालून म्हणाला, "पुसलं होतं मॅडम. पन काम सुरू कसं करा लागते मंग? हात चालेना."

मिस्त्री म्हणाला, "कसम से, मैंने सिर्फ एक आकडा डाला."

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. आणि तेवढ्यात भोंग्यावरच्या माणसानं, त्याला वाटलं की अजून काही वाचायचं राहिलंय, उरलेला रकाना वाचला.

"शेरा! चाचणी! नंतर पुसणे!"

तो शेरा माझा होता. नवीन यादी केली की पहिल्या ओळीत मी एक खोटी नोंद टाकायचे, सगळं चालतंय ना बघायला, आणि शेऱ्यात लिहायचे, चाचणी, नंतर पुसणे. जिल्ह्यात असा शेरा दुसरं कोणी लिहीत नव्हतं. त्या नोंदीत नावही नव्हतं, म्हणून उर्फमध्ये मी आले नाही, एवढंच. तिघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. कोणी काही म्हटलं असतं तर मी भांडले असते. माझे कान इतके गरम झाले की मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

आता उपाय काय? नोंद पुसावी तर पासवर्ड साहेबांच्या खिशात आणि साहेबांचा मोबाईल रेंजमध्ये नाही. दोन नंबर बोलवावा तर एकचं वजन टाकल्याशिवाय तो उघडत नाही. मी मापाऱ्याला हळूच म्हटलं, "दोन किलो टाकून द्या ना कसंही."

त्यानं चष्मा वर केला. "काट्यावर कापूस नाई अन् मी वजन लिहू? बाई, माह्या हातानं हे होनार नाई."

रांगेतून आवाज यायला लागले. टोकन दोनचा म्हातारा गाडीवरून उतरून थेट आमच्या टेबलापाशी आला. फेटा, हातात तुतारी, बैल हाकायची काठी ती. त्यानं विचारलं, "माह्या पुढं कोन हाय तो? दाखवा मले. तीन दिवसांपासून मी दोन नंबर, दोन नंबर करून राह्यलो. एक नंबरवाला हाय कुठं?"

ताई पुढं झाली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. जसं काकाला सांगायची तसंच. आम्ही चौघं, आमच्या चार पहिल्या ओळी, रिकामे रकाने, त्यात भरलेली शून्यं. म्हातारा ऐकत राहिला.

"म्हंजे तिघं मिळून एकच गाडी आनून राह्यले?"

"हव बाबा. पन गाडीच नाई त्याहिची."

म्हाताऱ्यानं तुतारी टेबलाला टेकवली आणि थोडा विचार केला. "सीतादहीले, वेचनीच्या पहिल्या दिशी, पहिला कापूस आपन देवाले दिल्याबिगर वेचत नाई. इथं त्याचा नंबर लागला त काय बिघडलं?" तो आपल्या गाडीपाशी गेला, ताडपत्री सारली, मूठभर कापूस काढला आणि येऊन काट्यावरच्या टोपल्यात टाकला. मग मागच्या गाडीवाल्याला ओरडला, "ए, मूठ टाक बे. देवाची गाडी भराची हाय."

त्यानंतर जे झालं ते मी आजही सांगायला लागले की मला हसू येतं. एकेक माणूस उतरून मूठ आणायला लागला. "कोनाले टाकू, पहिल्याले का दुसऱ्याले?" "टाक, उर्फ हाय मधात." ट्रॅक्टरवाल्या चाचांनी मूठ टाकताना ७८६ कोणाच्या हिश्श्याचं आहे हे मिस्त्रीला दोनदा विचारून घेतलं आणि मग दोन मुठी टाकल्या. एकानं शेंगदाणे टाकले, मापाऱ्यानं वेचून काढले. कळंबनं काट्याला घातलेला हारही टोपल्यात घालायचा प्रयत्न केला, तोही मापाऱ्यानं परत दिला. काटा हलेना. चारशे ग्रॅम. सहाशे. कापूस किती हलका असतो हे त्या दिवशी कळलं.

याच्या मधोमध साहेबांची गाडी आली.

साहेब उतरले, रांग पाहिली, टोपलं पाहिलं आणि पडद्यावरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. "हे काय आहे? कोणाची चूक?"

माझ्या जिभेवर तिघांची नावं तयार होती, खोटं कशाला बोलू. पण ताई समोर उभी होती आणि तिची बोटं पदराचं टोक पिळत होती. "माझी," मी म्हटलं. "रिकाम्या रकान्यात शून्य मी भरलं. पानं सगळी मोजली, पण पहिल्या पानावरची पहिली ओळ वाचली नाही. आणि पुस्तकाचं सातवं प्रकरण मी वाचलेलंच नाही."

शेवटचं वाक्य साहेबांना कळलं नाही, पण बाकी तिघांना चांगलंच कळलं. मिस्त्रीनं तोंड फिरवून हसू दाबलं.

साहेब मापाऱ्याला म्हणाले, "किती झालं?"

"नऊशे साठ ग्राम. किलो पाहिजे."

आता रांगेतल्या पुढच्या सगळ्यांनी मूठ टाकून झाली होती. ताई दोन नंबरच्या गाडीपाशी गेली. म्हाताऱ्यानं ताडपत्री सारून दिली. तिनं हात घातला आणि मूठभर कापूस काढला, पण तसाच आणला नाही. तिथंच उभी राहून तिनं बोटांनी त्यातली काडी काढली, पानाचा चुरा काढला, किडकी कवडी बाजूला केली. तिची बोटं आपोआप चालत होती, टाईप करताना चालायची तशी. मग ती आली आणि तो कापूस टोपल्यात ठेवला.

"ही माही शेवटची वेचनी," ती म्हणाली.

मापारी काट्यावर वाकला. "एक किलो दहा. साफ माल." त्यानं वजन टाकलं, पडदा हलला आणि भोंगा ओरडला, "टोकन नंबर दोन!" माणसांनी अशा टाळ्या वाजवल्या की बैल बुजले आणि टोकन अकराची गाडी शेजारच्या नालीत गेली. ती काढायला वीस माणसं लागली.

दुपारी चारपर्यंत त्या दिवसाचे सगळे नंबर झाले. साहेब खुर्ची टाकून बसून होते. जाताना त्यांनी पासवर्ड ताईच्या हातावर लिहून दिला, कागद कोणाकडं नव्हता म्हणून, आणि म्हणाले, "यादी तेवढी दुरुस्त करून घ्या. कंपनीचं नंतर बघू." सरकारी भाषेत 'नंतर बघू' म्हणजे कधीच नाही. कळंबनं ते ऐकून तिथल्या तिथं काट्याला नमस्कार केला.

नंबर एकचा कापूस मापाऱ्यानं ढिगावर जाऊ दिला नाही, धनी सही करायला आला नाही म्हणून. तो मला घरी न्यावा लागला. मी त्याची उशी केली, सरकी न काढता. ती अजून आहे आणि अजून टोचते.

पुढच्या रविवारी शिकवायची पाळी माझी होती. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं की मला येत नाही. तेव्हा ताई उठली. सातवं प्रकरण तिनंही वाचलेलं नव्हतं. ती सरळ खाली काकाकडं गेली आणि आम्ही तिघं खिडकीत.

"काका, माहा डबा रिकामा हाय अन् मॅडमचा बी डबा रिकामा हाय. मंग दोन्ही सारखे काय?"

"रिकामा त रिकामाच न."

"नाई. माहा रिकामा हाय, काऊन का पोरीनं खाल्लं. मॅडमचा रिकामा हाय, काऊन का तिनं सैपाकच नाई केला. रिकाम्याले रिकामं जुळवाचं नाई, काका. दोघींले इचारा लागते."

काकानं मान डोलावली आणि वर माझ्याकडं बघून मला दोन बिस्किटं पाठवली. पुढं कितीतरी वर्षांनी, पुण्यात, मला त्या पुस्तकाची पूर्ण प्रत मिळाली. मी आधी सातवं प्रकरण उघडलं. तिथं चौदा पानांत ताईनं सांगितलं होतं तेवढंच होतं.

त्याच रविवारी यादी दुरुस्त करायची होती. ताई कॉम्प्युटरसमोर बसली, हातावरचा पुसट झालेला पासवर्ड टाकला आणि नंबर एक उघडला. "पुसा," मी म्हटलं. "सगळी ओळ पुसा."

तिनं कळंबकडं पाहिलं, मिस्त्रीकडं पाहिलं. मग शेऱ्याच्या रकान्यात गेली. 'चाचणी' तसंच ठेवलं. 'नंतर पुसणे' एवढं खोडलं आणि तिथं लिहिलं, 'पुसू नये.'

मी दोन नंबरची ओळ वाचायला घेतली. ताईची नवी ऑर्डर तिच्या पिशवीत होती, पोळीच्या डब्याखाली.